केसरच्या टोपलीची चिंधी

रेवस
५ डिसेंबर २०२४

चि. कल्पिता,

तुझा फोन सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद असतो. पहिल्या दिवशी वाटलं, चार्जिंग संपलं असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, चोरीला गेला. मग तुझ्या आईने, केसरने, सांगितलं की कचेरीत शिरताना फोन दारावरच ठेवून घेतात, काम गुप्त आहे. ते ऐकल्यापासून काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. फोन काढून घेऊन माणसाला आत पाठवतात अशी एकच जागा मला माहीत आहे, आणि तिथून जामीन झाल्यावरच बाहेर येता येतं.

केसरला विचारलं तर म्हणते, पगार वेळेवर येतो ना मग झालं. तुझ्या बापाला विचारलं. विनेश बोटीवरून आठवड्याने घरी आला होता, जेवला आणि झोपला. झोपता झोपता म्हणाला, "कंप्युटरच्या आतलं काय तरी हाय." हे तर मलाही माहीत होतं.

फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने जोडतो. मी जोडलेलं नेहमी वाईटच असतं. म्हणून पत्र लिहितो आहे. तू काय करतेस ते चौथी शिकलेल्या माणसाला कळेल असं लिहून पाठव. गुप्त असेल तेवढं गाळ.

पाकिटावर पिनकोड बरोबर घातला आहे का ते पोस्टातल्या बाईंना दोनदा विचारलं आहे.

तुझा आजा,
नामा


बंगळूर
१४ डिसेंबर २०२४

प्रिय आजा,

मी तुरुंगात नाही. कँटीनमध्ये भात मिळतो, मासे मिळत नाहीत, एवढीच शिक्षा आहे.

कंप्युटरमध्ये सगळ्यात आत एक प्रोग्राम असतो. त्याला कर्नल म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्या परवानगीने चालतात. कोणालाही बाहेर निरोप पाठवायचा असेल किंवा बाहेरचा घ्यायचा असेल तर तो कर्नलच्याच हातून जातो. निरोप अख्खा जात नाही, त्याचे तुकडे करतात. एकेका तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपल्या धक्क्यावर सगळ्या घरांच्या टोपल्या एकाच लाँचमध्ये चढतात, तशी सगळ्यांची पॅकेटं एकाच तारेतून जातात. त्यात कोणाच्या आजाराचे कागद असतात, कोणाचं सिनेमाचं तिकीट असतं. कशाला कुठे जाऊ द्यायचं हे कळावं म्हणून कर्नल पॅकेटला एक खूण लावतो. आम्ही तिला लेबल म्हणतो. पॅकेट फोडून बघावं लागत नाही, लेबल बघून ठरतं. ही लेबलं नीट लागतात की नाही हे तपासणं माझं काम.

तू आईच्या सुक्या कोलंबीच्या, सोड्यांच्या टोपलीला साडीची चिंधी बांधतोस ना, तसंच समज. ती चिंधी बघून मुंबईला भाऊच्या धक्क्यावर आपले गिऱ्हाईक रतनशेठ टोपली न उघडता बाजूला घेतात.

एक फरक आहे. बाहेरून येणारं पॅकेट स्वतःच चिंधी बांधून आलं तर आम्ही तिच्यावर विश्वास ठेवत नाही. चिंधी काय, कोणीही बांधेल. म्हणून दारातच कर्नल आपली चिंधी बांधतो आणि तीच खरी मानतो.

आता नीट झोप. आईला सांग, सोडे संपले.

कल्पिता


रेवस
२२ डिसेंबर २०२४

चि. कल्पिता,

तुझं पत्र मिळालं. तू नीट झोप म्हणून लिहिलंस, आणि त्याच पत्राने माझी झोप गेली.

चिंधी काय, कोणीही बांधेल. इतकी वर्षं मी त्या चिंध्या बांधतो आहे आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. यंदा केसरने तिची जांभळी साडी फाडली, पिवळ्या काठाची. तशी साडी अलिबागच्या बाजारात कोणालाही मिळेल. कोणी खराब सोडे भरायचे, वर जांभळी चिंधी बांधायची, आणि रतनशेठने डोळे मिटून घ्यायचे. नाव कोणाचं जाणार? केसरचं.

मी धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. आपल्या दोन टोपल्या मीच नेल्या होत्या. लाँचमध्ये बघतो तर जांभळ्या चिंधीच्या तीन. पुन्हा मोजल्या, तीनच. लाँचवर माल चढवणाऱ्या बुधाजीला विचारलं. तो म्हणाला, "तांडेल, मी टोपल्या उचलू की चिंध्या मोजत बसू?"

म्हणून मी ठरवलं आहे. तुमच्याकडे दारातच कर्नल खूण बांधतो, तशी इथे धक्क्यावर बुधाजीने बांधायची. प्रत्येक घराला पत्र्याची चकती, चकतीवर नंबर, चकत्या बुधाजीच्या ताब्यात. घरच्या चिंध्या बंद. चिंधी दिसली तर सोडायची आणि समुद्रात टाकायची. लोक आधी हसले. मी रोज सकाळी जाऊन तेच सांगत राहिलो, तेव्हा कंटाळून हो म्हणाले. तरुणपणी तांडेल म्हणून बोट चालवताना माझं कोणी एवढं ऐकलं नव्हतं.

केसर माहेरी किहीमला भाचीच्या लग्नाला गेली आहे. ती येईपर्यंत सगळं पक्कं करून ठेवतो. तिला आताच काही कळवू नकोस, उगाच घाबरेल.

तुझा आजा


बंगळूर
३० डिसेंबर २०२४

प्रिय आजा,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचे हितेश सर म्हणाले, तुझ्या आजोबांना इथे घेऊन ये, आमच्यापैकी कोणी एवढं मनावर घेत नाही. तेव्हा चकत्यांचा कारभार जोरात चालू दे. बुधाजी म्हणजे रेवसचा कर्नल.

इथे माझी गंमत झाली आहे. दोन यंत्रं शेजारी ठेवली आहेत. पहिलं लेबल लावून पॅकेट पाठवतं, दुसरं ते फेकून देतं. का फेकतं ते सांगत नाही. दिवसभर मी त्या दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसते, भांडलेल्या जावांच्या मध्ये बसावं तशी.

परवा घरी फोन केला होता. आईने उचलला आणि म्हणाली, नंतर बोलू. किहीमहून आली का? आवाज बसला होता. बरं नाही का तिला?

कल्पिता


रेवस
८ जानेवारी २०२५

चि. कल्पिता,

केसर ठणठणीत आहे. लग्नात गाणी म्हणून आवाज बसला असेल. थंडी बरी पडली आहे, सोडे छान सुकतात. विनेश बोटीवर आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे. काळजी करण्यासारखं काही नाही.

धक्क्यावर नवी पद्धत सुरू आहे. नव्या गोष्टीला वेळ लागतोच.

एक सहज विचारतो. समजा एका बाजूने खूण अगदी पक्की बांधली, खोटी करता येणार नाही अशी. आणि पलीकडच्या बाजूच्या माणसाला ती खूण कसली ते कळलंच नाही, तर तुमच्याकडे काय करतात? आणि समजा पलीकडचा माणूस जुनीच खूण शोधत राहिला, ती दिसली नाही म्हणून परत गेला, असं एकदा नाही तर तीनदा झालं, तर त्याला परत बोलावण्याची काही सोय तुमच्या कंप्युटरमध्ये आहे का? सहज विचारलं. उत्तर लवकर पाठव. स्पीड पोस्टाने पाठवलंस तर बरं.

तुझा आजा


बंगळूर
१५ जानेवारी २०२५

प्रिय आजा,

काय केलंस?

सहज विचारणारा माणूस स्पीड पोस्ट मागत नाही. आईला फोन लावला तर ती एवढंच म्हणाली, "आजाला इचार." तू फोनवर येत नाहीस. म्हणून आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, मग तू माझ्या प्रश्नाचं दे.

माझी दोन यंत्रं आठवतात? दुसरं पॅकेट का फेकत होतं ते सापडलं. लेबल तारेतून जाताना नंबर म्हणून जातं. पहिल्या यंत्रात सात म्हणजे गोपनीय. दुसऱ्याला सात म्हणजे काय ते कोणी सांगितलंच नव्हतं. पॅकेट खरं होतं, लेबल खरं होतं, तरी फेकलं. त्याची काही चूक नव्हती. माझी होती. दोन्हीकडे एकच तक्ता बसवल्याशिवाय लेबलाला काही अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट मी तुला आधीच सांगायला हवी होती. नवा नियम आणला की आम्ही पहिल्या दिवसापासून कोणाला अडवत नाही. काही दिवस नुसतं बघतो. कोण नियमात बसत नाही ते कळतं, पण त्याला जाऊ देतो. त्यात बरेचदा आमचाच नियम चुकलेला निघतो. तू तर चिंध्या सोडून समुद्रात टाकायला लावल्यास. आणि मी इथे बसून "जोरात चालू दे" म्हणून लिहिलं. मला गंमत वाटत होती.

आता खरं काय ते लिही.

कल्पिता


रेवस
१९ जानेवारी २०२५

कल्पितास आईचा आशीर्वाद,

तुझा आजा दोन दिवस कागद पुढे घेऊन बसला आहे. "चि. कल्पिता" एवढं लिहितो आणि उठून ओटीवर फेऱ्या मारतो. शेवटी मीच लिहायला घेतलं.

मी किहीमला असताना त्याने चकत्या सुरू केल्या. आपली चकती चौदा. टोपल्या पलीकडे भाऊच्या धक्क्यावर उतरल्या. रतनशेठ जांभळी चिंधी शोधत फिरले, मिळाली नाही, गेले. आपले सोडे दुसऱ्याच कोणी मातीमोलाने उचलले. तीन खेपा असंच झालं. मग शेठनी बुधाजीच्या हाती निरोप पाठवला, "केसरबाईने माल दुसऱ्याला द्यायला सुरुवात केली असेल तर मीही शिमग्याच्या आत दुसरं घर बघतो." तुला माहीत आहे, एकदा घर बदललं की शेठ परत फिरत नाहीत. आपल्या मालाला दुसरं गिऱ्हाईक मी आजवर शोधलेलंच नाही.

आणि ती तिसरी टोपली. ती चोराची नव्हती, जागृतीची होती. आपल्या मागच्या दाराची जागृती. तिचा नवरा रितेश बोटीवर पडला, पाठीला मार बसला, तेव्हापासून घरीच आहे. तिचे सोडे पलीकडे कोण घेणार? तिला तिथे कोणी ओळखत नाही. म्हणून मी माझ्या साडीच्या अर्ध्या पट्ट्या तिला दिल्या. सोडे आपल्याच अंगणात माझ्या नजरेखाली सुकतात. खराब निघाले तर शिव्या मला बसतील, म्हणून तिची टोपली मी माझ्यापेक्षा दोनदा जास्त बघते.

तुझ्या आजाने बुधाजीला ती चिंधी सोडायला लावली तेव्हा जागृती धक्क्यावरच उभी होती. तेव्हापासून तिचे सोडे इथल्या दुकानात पडेल त्या भावाने जातात. आता मागच्या दाराने येतही नाही.

आजाला आधी का सांगितलं नाही असं तू विचारशील. सांगितलं असतं तर त्याने काळजी केली असती.

मी त्याला म्हटलं, "मामा, शेठकडं तुमीच जायचं. मी येणार न्हाय." तेव्हापासून तो जेवत नाही, म्हणजे घरात जेवत नाही. बुधाजीकडे जेवतो हे मला माहीत आहे.

तुझी आई


बंगळूर
२६ जानेवारी २०२५

प्रिय आजा,

आईचं पत्र मिळालं. रागावलेली नाही, घाबरू नकोस. निदान मी तरी नाही.

मी तुला लेबलाची निम्मीच गोष्ट सांगितली होती. लेबल पॅकेटचं स्वतःचं नसतं. ज्या प्रोग्रामने ते पाठवलं त्याचं असतं. आणि एका प्रोग्रामने दुसऱ्याला आपल्या हाताखाली सुरू केलं तर त्यालाही तेच लेबल मिळतं. ती लबाडी नाही, नियमच तसा आहे. लेबल म्हणजे आत काय आहे हे नाही, याचा जबाब कोण देणार, हे. आईने जागृतीकाकूला दिली ती चिंधी खोटी नव्हती. तू मोजलेल्या तीन टोपल्या तिन्ही खऱ्या होत्या. हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं असतं तर तू चकत्या केल्या नसत्यास. पत्र लांबेल म्हणून गाळलं.

आता तू पलीकडे जा. चकत्या काढ, चिंध्या बांध, तिन्हींना. शेठना काय सांगायचं ते मी इथून सांगू शकत नाही. ते एवढ्या गोंधळानंतर टोपल्या उघडून बघतील, हे मात्र धरून चाल.

मी लाँचची वेळ बघून ठेवली आहे. गुडघ्याला पट्टा बांध.

कल्पिता


रेवस
३ फेब्रुवारी २०२५

चि. कल्पिता,

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण केसरला सगळं सांगितलं नाही, आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

आदल्या संध्याकाळी जागृतीच्या दारात गेलो. काय बोलावं ते वाटेत ठरवलं होतं, पण तिला बघून विसरलो. रितेश आत खाटेवर होता, त्याने विचारलं, "काय काका, चकती घ्यायला आलाव?" मी म्हटलं, टोपली घ्यायला आलो. जागृतीने माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि टोपली आणून माझ्यासमोर ठेवली. चिंधी नव्हती तिला. मी खिशातून काढून तिथेच बांधली. गाठ दोनदा घालावी लागली. ती म्हणाली, "अशी न्हाय, माझ्या टोपलीला केसरवैनी उलटी गाठ मारते." मग तिनेच सोडली आणि परत बांधली.

सकाळी धक्क्यावर बुधाजी तयारच होता. सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आज तांडेल बिननंबरी चाललं." लोक हसले. हसू दे म्हटलं. चकत्यांचं पोतं त्याच्याकडेच आहे, पोरांना खेळायला देणार आहे म्हणे.

लाँचमध्ये जीव घाबरा झाला. मी जन्मभर बोट चालवली, पण दुसरा चालवत असला की मला प्रत्येक लाट वाकडी दिसते. सुकाणूवरच्या पोराला दोनदा सांगितलं, जरा डावीकडून घे. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर त्याने गाणं मोठं केलं.

रतनशेठ त्यांच्या नेहमीच्या खांबापाशी होते. मला बघून म्हणाले, "आवो नामाभाई, केसरबेन बरी छे ने?" मी सगळं सांगून टाकलं. चकत्या माझ्या डोक्यातून निघाल्या, केसरचा त्यात काही हात नाही, ती घरी नव्हती, नंबर चौदा ते आम्हीच होतो. तुझ्या कर्नलचंही सांगायला लागलो, पण त्यांनी हात वर केला. म्हणाले, त्यांचा मुलगाही कंप्युटरचं सांगतो, त्यांना तेही कळत नाही. खूण होती म्हणून इतकी वर्षं उघडून बघितलं नाही. आता मधे खंड पडला, आता बघावं लागेल.

तू म्हणाली होतीस तसंच झालं.

पहिली टोपली उघडली. मूठभर सोडे काढले, वास घेतला, एक मोडून बघितला, परत ठेवले. दुसरी उघडली, तसंच केलं. मग तिसरी. मूठ वर काढली आणि थांबले. जागृतीचे सोडे जरा मोठे असतात, ती कोलंबी निवडून घेते. सुकलेले छान होते, पण वेगळे होते, मलाही दिसत होतं. शेठनी ते उजेडात धरले. मग पहिल्या टोपलीतले दुसऱ्या हातात घेतले. दोन्ही हात माझ्यासमोर धरून म्हणाले, "नामाभाई, ही टोपली कोणाची?"

मी तुला खरं सांगतो. वाटेत मी उत्तर घोकलं होतं. ही जागृतीची, गरीब आहे, घ्या, असं सांगावं. मग ते म्हणाले असते, तिचं तिला सांगा, तिचा भाव वेगळा. किंवा म्हणाले असते, म्हणजे इतके दिवस मला एकीच्या नावावर दोघींचा माल दिला. मग केसरही गेली असती आणि जागृतीही. पण त्या वेळी मला यातलं काही आठवलं नाही. फक्त आमचं अंगण डोळ्यांपुढे आलं. एका बाजूला केसर वाकून सोडे परतते आहे आणि दुसऱ्या बाजूला जागृती, आणि मधे कुठे रेघ नाही.

मी म्हटलं, "आमची."

शेठ म्हणाले, "शुं?"

"आमची," मी म्हटलं. "खराब निघाली तर मला सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सोडे जागच्या जागी ठेवले आणि तिन्ही टोपल्या पायाने एका रांगेत सरकवल्या. हमालाला म्हणाले, उचल. मला म्हणाले, चहा घेऊन जा. मी चहा घेतला नाही, लाँच चुकेल म्हणून निघालो.

परत आलो. जागृतीला सांगितलं, गेली. केसरला सांगितलं, गेल्या. तिने विचारलं, शेठनी काही विचारलं का. मी म्हटलं, नाही. तिने ताट वाढलं. बुधाजीच्या घरच्यापेक्षा आपल्या घरची आमटी बरी असते, हे मी विसरलो होतो.

आता पुढच्या खेपेची काळजी लागली आहे. ते पुन्हा विचारतील. विचारलं तर तेच सांगणार आहे. फक्त आवाज जरा मोठा काढायला हवा. या वेळी त्यांना दोनदा विचारावं लागलं.

तुझा आजा,
नामा